मागचा जिना

रविवारी दुपारी बायपासवरच्या मार्टातून माधवीताई परतल्या, तेव्हा पिशव्यांच्या बंदांनी त्यांची बोटं लाल झाली होती. आठवडाभर सेलूहून चारठाण्याच्या शाळेत जाऊन-येऊन अंग आंबायचं आणि सुट्टीचा एकुलता एक दिवस मार्टाच्या रांगेत जायचा.

रिक्षा त्यांनी मेन रोडवर, इमारतीच्या दारात थांबू दिली नाही. "बोळात घे," म्हणाल्या. दारातच पंडितरावांचं किराणा दुकान. पंधरा वर्षांचा शेजार! मार्टाच्या पिशव्या घेऊन त्यांच्यासमोरून कोणत्या तोंडानं जायचं? म्हणून मागचा जिना. एकट्या माधवीताईच नव्हे, अख्खी इमारत रविवारी मागूनच चढायची. माणसं आपली मोठी भिडस्त! भीड इतकी की तोंड लपवावं, पण त्या दुकानातून तूरडाळ घ्यावी इतकी काही नाही. पंडितरावांच्या वाट्याला उरायची काडेपेटी, उदबत्ती आणि पाहुणा आला की धावत जाऊन आणलेली साखर.

आता ते दुकानही उठणार होतं. पंडितरावांनी सोसायटीचा भाड्याचा गाळा सोडतो म्हणून सांगितलं होतं आणि तिथं गाड्या लावायचा ठराव सोसायटीनं लिहून ठेवला होता. सचिव म्हणून माधवीताईंची सही तेवढी राहिली होती. संध्याकाळी ती करून टाकली की एक कटकट मिटणार होती.

पहिल्या मजल्यावर सरजाबाई आपल्या मागच्या दारात कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. निवृत्त नर्स, पंच्याहत्तरीच्या, गुडघे कामातून गेलेले. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

"टेक गं जरा. केवढी धाप लागलीय!"

माधवीताई पायरीवर बसल्या. "लय थकायला होतंय हो, सिस्टर."

"मग इतक्या लांबून ओझं का वाहायलीस? खाली दुकान हाय की."

"तिथं स्वस्त पडतं. सगळं एका जागी मिळतं."

"मिळत असंल. मी कुठं न्हाई म्हणते? पण एक मजला उतरलं की मला दूध, पीठ मिळतंय, म्हणून मी एकटी राहायलेय. दुकान उठलं की पोरगा पुण्याला नेणार. या वयात मला तिथं कोण वळखतंय?"

"मोबाईलवरून मागवता येतं की. घरपोच."

"येतं. पण मागं मी दोन दिवस खाली उतरले न्हाई, तर पंडित वर आला बघायला. तापानं पडले होते मी. मोबाईलवाला येईल का?"

"त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच तर आम्ही मागून येतो," माधवीताई पुटपुटल्या.

सरजाबाईंनी हातातली घडी खाली ठेवली. "त्याला काय ठाऊक न्हाई व्हय? हितं दिवसाबी अंधार असायचा. वर तो बल्ब कुणी लावलाय, बघ. पंडितनं! मला म्हणाला, 'सिस्टर, लोकं ओझं घेऊन अंधारात चढायलेत. कुणी पडलं-बिडलं तर?'"

अरे देवा! तो बल्ब सोसायटीचा, असंच माधवीताई धरून चालल्या होत्या. ज्याच्यापासून आपण तोंड लपवत होतो, तोच आपल्याला उजेड दाखवत होता! त्यांना रडू आलं नाही, तेवढं त्राणच उरलं नव्हतं. नुसती लाज वाटली.

त्या उठल्या. पिशव्या घेऊन जिना उतरल्या आणि बोळातून वळसा घालून दुकानासमोर उभ्या राहिल्या.

"पंडितराव, हे मी बायपासवरून आणलंय."

"मग काय झालं, मॅडम? बसा, पाणी घ्या."

"ठरावावर मी सही करणार नाही. तुम्ही दुकान सोडू नका."

पंडितरावांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "सोडावं कुणाला वाटतंय? धंदा कमी झाला, ते सोसलं असतं मी. पण दिवसभर पुढं रस्ता बघत बसायचं आणि आपल्याच माणसांनी मागून जायचं, ते सोसंना गेलंय."

"पुढच्या महिन्याची यादी तुमच्याकडं. बाकीच्यांशी मी बोलते. मार्टातून आणलं तरी सगळे पुढूनच येतील."

"ऐकतील?"

"सगळे नाही ऐकणार," माधवीताई खरं बोलल्या.

पंडितरावांनी फडकं पुन्हा उचललं. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. सिस्टरला सांगा, सामान बांधू नका म्हणावं."

वाचकहो, मार्टात जाऊ नका असं कुणी म्हणत नाही. पण भर गावात खाली दुकान आणि वर घर असतं, म्हणून आपली म्हातारी माणसं आपल्या पायांवर जगतात. ते दुकान नुसत्या काडेपेटीवर चालत नाही. आपण थकलेलो असतो, हे खरं आहे. पण ज्याच्या आधारानं शेजार टिकतो, त्याच्याकडून घरातली निदान डाळ तरी आणावी आणि येता-जाता त्याला तोंड दाखवावं. एवढंही जमेना, तर उद्या आपले गुडघे गेल्यावर आपण कुणाच्या दारात उतरणार?