स्वयंपाकघरातल्या चपला

"शाळेत असशील तू मोठी मास्तरीण. माझ्या स्वयंपाकघरात चपला घालून पोळ्या लाटायच्या नाहीत."

"अहो आई, टाचेमागची शीर सुजलीय. डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी चालू नका म्हटलंय."

"डॉक्टर येणार आहेत का नैवेद्य दाखवायला?"

मोहनाने निमूट चपला काढल्या. त्याला महिना झाला. आता सकाळी उठली की ती भिंत धरून मोरीपर्यंत जाई, आणि आनंदीबाई माळ ओढता ओढता ते बघत.

मुलाची, सलीलची, रिफायनरीत पाळी होती, म्हणून आज सुनेबरोबर दवाखान्यात जायला रिक्षात त्यांनाच बसावं लागलं. तिथे व्यायाम शिकवणारा गुजराती धवल पोरगेलासा होता. त्याने मोहनाची टाच चिमटीत धरताच ती कळवळली.

"मोहनाबेन, पायरीवर टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम करता ने?"

"रोज करते."

"तरी सूज वाढली. घरात चप्पल नाही घालत?"

"घरात जमत नाही," मोहना म्हणाली. का जमत नाही, ते तिने सांगितलं नाही. आनंदीबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

"टाच थोडी उंच पाहिजे, तर शिरेवरचा ताण कमी होईल. तीन महिने सांभाळा. अशीच ओढत राहिलात तर एक दिवस फाटेल."

निघायला आनंदीबाई उठल्या, तशी धवलची नजर त्यांच्या पावलांवर गेली. "माजी, जरा पग बतावो ने." पाय दाखवायला त्यांनी नाही म्हणायच्या आत तो खाली बसला. टाचेच्या वर सुपारीएवढी गाठ होती. "केटला वरसथी छे? किती वर्षांपासून?"

"लग्नानंतर कधीतरी. मोजत कोण बसलंय."

"दुखते?"

"सकाळी. सगळ्यांचीच दुखते."

"सगळ्यांची नाही दुखत, माजी."

परतताना समाकडे, घराच्या रस्त्याला, वळायच्या जागी आनंदीबाईंनी रिक्षा लहरीपुऱ्याच्या बाजाराकडे न्यायला लावली. दुकानात त्यांनी अंगठ्याने चपलांच्या टाचा दाबदाबून पाहिल्या, चार जोड परत केले आणि दोन घेतले.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही जोड धुतले, पुसले, वर देवघरातलं गंगाजल शिंपडलं. एक जोड ओट्यापाशी ठेवला. दुसरा हातातच होता.

"हे घराबाहेर न्यायचे नाहीत, मोरीतही नाहीत. घाल."

मोहना उभीच राहिली. "आई, तुम्हाला चालणार नसेल तर..."

"एकदा सांगितलंस आणि गप्प बसलीस, तिथे तू चुकलीस," आनंदीबाई म्हणाल्या, आणि भिंतीला हात टेकून त्यांनी हातातला जोड खाली टाकला, एकेक पाय आत सरकवला. "भांडायचं होतंस माझ्याशी. मी माझ्या सासूशी भांडले नाही, तर बघ ही टाच."