पहिल्या माळेची कुमारिका

माझं नवरात्र म्हणजे नऊ दिवसांचा उपास, अखंड दिवा आणि रोज एक कुमारिका जेवायला. पंच्याऐंशी साली पहिल्या माळेला शेजारच्या नंदाला बोलावलं. सात वर्षांची पोर. बाबा मस्कतला, आई सुगंधा इस्पितळात दिवसपाळीला. घरात नंदा, तिचा पंधरा वर्षांचा भाऊ जयवंत आणि मस्कतहून आलेला व्हिडिओ. रोज दुपारी पडदे ओढून मारामारीचे पिक्चर लागत. भिंतीतून किंकाळ्या यायच्या. पिक्चरमधल्याच असणार, असं मी धरून चालले होते.

जयवंत मला गुणी वाटायचा. दर गुरुवारी दाराशी उभा. "काकू, उदबत्त्या आहेत? देवापुढे लावायच्यात." कांदिवलीच्या आमच्या चाळीत देवासाठी मागणारं दुसरं पोर कुठलं? मी अख्खा पुडा द्यायचे.

नंदाला पाटावर बसवलं, पाय धुवायला परातीत घेतले. पाणी लागताच तिने पाय आखडला.

"गार आहे का गं?"

मी तळवा वर केला. बारीक गोल डाग. काही काळे पडलेले, काही अजून ओले. तसाच एक माझ्या अंगठ्यावर आहे, उदबत्तीचा.

"काय गं हे?"

"दादाचा खेळ. पिक्चरमधला. ओरडलं की परत एकपासून." मग अगदी हळू, "आईला सांगितलं तर डोळ्याला लावणार."

हातातलं कुंकू परातीत सांडलं. पुडे मीच दिले होते, माझ्या हाताने.

"झालं का, काकू?" जयवंत दारात. "चल नंदे. आणि काकू, उदबत्त्या?"

नंदा मुकाट उठली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

देवाच्या नावाने मी कधी खोटं बोलले नव्हते. "बसवलेली कुमारिका उठवायची नसते रे. नऊ दिवस इथेच ठेवायची. रीत आहे आमची."

"गेल्या वर्षी नव्हती ती?"

"यंदा नवस आहे."

त्याने परातीतलं लाल पाणी पाहिलं, नंदाचे पाय पाहिले, मग मला. हसला. "झकास. दसऱ्याला येतो ना न्यायला."

मी कडी लावली. सुगंधा सहाला येते. ती आली की तळवे दाखवायचे, आणि पुडे कुणी दिले तेही सांगायचं. नंदाला मांडीवर घेऊन बसले.

भिंतीपलीकडे पिक्चर सुरू झाला. धडाधड ठोसे, मोठ्याने वाद्यं, सगळं ऐकू येत होतं.

किंकाळी मात्र एकही नाही.