पिंडाजवळची बिडी
कावळा काही शिवेना.

गिरजा नदीच्या काठावर दहाव्याला जमलेली भावकी ऊन चढेपर्यंत ताटकळली होती. पिंड मांडलेला, शेजारी कडूबाला आवडायची म्हणून शेवेची भाजी, वर जिलबी. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसून हे सगळं बघत होते. बघत होते म्हणजे नुसतेच बघत होते. एक मेला तर पाठ फिरवून बसला होता.

बद्रीनाथ मुंडण केलेल्या डोक्यावर ओला पंचा टाकून हात जोडून उभा होता. कडूबा त्याचा थोरला भाऊ. कडूबाला मुलगा नाही, म्हणून अग्नीही बद्रीनाथनंच दिला होता आणि आजचं सगळंही त्याच्याच हातून चाललं होतं.

"दादा, वैनीला मी अंतर देनार न्हाई," तो म्हणाला. कावळे ढिम्म. "तुझ्या प्रीतीचं लगन मी लावून देईन." तरी ढिम्म. तेव्हा कडूबाची बायको सोनूबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. "कशात जीव अडकला ओ यायचा?"

भावकीतले कारभारीकाका खाकरले. ते काय बोलणार हे बद्रीनाथला सकाळपासून ठाऊक होतं.

"कशात म्हंजे? आरं, बिडी ठेवा बिडी! जल्मभर ज्याच्या तोंडातून बिडी सुटली न्हाई, त्याला जिलब्या दावून राह्यले!"

लोक हसले. बद्रीनाथला मात्र हसू आलं नाही.

कारण बिडी कडूबाची एकट्याची नव्हती. हिवाळ्यात गव्हाला पाणी देताना पोरसवदा बद्रीनाथ कुडकुडत होता, तेव्हा कडूबानंच आपल्या तोंडातली काढून दिली होती. "धर, ऊब येती." तिथून जी लागली ती चाळीस वर्षं. रोजचे दोन बंडल. मग कडूबाला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. संभाजीनगरच्या डॉक्टरनं त्याला तपासता तपासता सोबत आलेल्या बद्रीनाथचाही खोकला ऐकला, त्याच्याही छातीचा फोटो काढायला लावला आणि म्हणाला, "तुमची वेळ अजून गेली नाही. पण सोडली नाही, तर ह्याच वाटेनं जाल."

बद्रीनाथनं आखाडात बिडी सोडली. भक्तीनं नाही, शहाणपणानं तर नाहीच. सरळ भीतीनं सोडली. आणि सोडली म्हणजे काय सोपं होतं का बाबा! बिडीबिगर सकाळी पोटच साफ होईना. लोटा घेऊन बसायचं आणि तसंच उठायचं. लवंगा चघळून जीभ सोलून निघाली. गरीब बैलाला उगाच चाबकानं मारलं, एकदा तर जेवणाचं ताट बायकोच्या अंगावर भिरकावलं. द्वारकाबाईनं कालवण पुसलं आणि म्हणाली, "मला मारा पायजे तर, पन ती नका ओढू." आता कुठं दसरा झाल्यावर त्याला रात्री सलग झोप लागायला लागली होती.

कारभारीकाकांनी बंडलातून बिडी काढून पिंडाजवळ ठेवली. कावळे हलले नाहीत.

"पेटवून ठेवा की," मागून कुणीतरी म्हणालं.

काकांनी टोकाला काडी लावली. पण बिडी म्हणजे काय उदबत्ती आहे? ओढल्याशिवाय ती धरत नाही. काकांनी ती तोंडाकडं नेली, तर गुरुजी ओरडले, "तुम्ही नाही, कर्त्यानं करायचं!" गुरुजींना पुढं आणखी एका गावाला जायचं होतं.

"यायनी सोडली ओ!" द्वारकाबाई बायकांतून पुढं आली. "दुसऱ्या कुनी बी पेटवा, पन यायच्या हातात नका देऊ. हात जोडते."

"एका झुरक्यानं काय होतं गं?" दोघी-तिघींनी तिला मागं ओढलं. एका झुरक्यानं काय होतं! असं म्हणणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं, हेच खरं.

बद्रीनाथ सोनूबाईकडं बघत होता. तिनं डोळे पुसले. "भावजी, मोकळं करा त्यायला."

मग त्याचा इलाज चालला नाही. धूर नुसता गालात धरायचा, आत घ्यायचा बिलकुल नाही, असं ठरवून त्यानं बिडी ओठात धरली. काकांनी काडी ओढली. आणि धूर, हरवलेलं जनावर आपसूक गोठ्यात शिरावं तसा, सरळ छातीत गेला. हातपाय सैल पडले. डोळ्यांना धार लागली. लोकांना वाटलं, भावासाठी रडतोय. त्याला किती बरं वाटलं होतं हे कुणाला सांगायची सोय नव्हती, आणि त्याचीच त्याला शरम वाटली.

त्यानं बिडी पिंडाजवळ ठेवली, चार पावलं मागं सरकला, आणि कावळे उतरले. एकानं जिलबी उचलली, दुसऱ्यानं भातात चोच घातली.

"शिवला! शिवला! म्या म्हन्लं न्हवतं?" कारभारीकाकांना आकाश ठेंगणं झालं. सोनूबाईनं जमिनीला डोकं टेकलं. माणसं जेवणाकडं वळली.

"व्हा तुमी पुढं," बद्रीनाथ म्हणाला. "मी आंघोळ करून आलोच."

त्याला खरंच आंघोळ करायची होती. नदीकडं चार पावलं गेलाही. मग तो वळला, त्यानं कावळ्यांना हाकललं आणि पिंडाजवळ उकिडवा बसला. मेलेल्या माणसाच्या पानावरचं कुणी उचलतं का? त्यानं उचललं. विझत आलेल्या बिडीवर फुंकर घातली आणि ओढायला लागला.

"आवो, ती दादाची हाय." द्वारकाबाई मागं येऊन उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना.

"द्वारके, मला मरायचं न्हाई गं."

तिनं हात पुढं केला.

"घे, काढून घे," तो रडत रडत म्हणाला, आणि बिडीचा हात त्यानं पाठीमागं लपवला.