वर वर आहे

नणंद-भावजय मिळून शिवणकामाचं दुकान चालवायच्या. हात नणंदेचा, तोंड वहिनीचं. एकदा वकीलबाई कोट घेऊन आल्या, तर वहिनी म्हणाली, "कोटाचं काज आम्ही करू, कोर्टाचं कामकाज तुम्ही बघा!" वकीलबाई खो खो हसल्या. नणंदेला ते दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना उमगलं.

मग वहिनीच्या मेंदूत उजवीकडे रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, डावा हात लुळा पडला. बोलणं शाबूत होतं, पण प्रत्येक शब्दाला एकच अर्थ उरला. "गिऱ्हाइकांनी आज डोकं खाल्लं," असं नणंद वैतागून म्हणाली, तर वहिनी घाबरून तिचं डोकं चाचपू लागली. "कुठे गं? दुखतंय का?"

नणंद मोरीत जाऊन रडली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन अर्थांच्या शब्दांचा रोज सराव करून घ्या. थोडंफार परत येऊ शकेल."

"मी? अहो, मलाच विनोद कळत नाहीत!"

"मग तर उत्तमच. तुम्ही एकही पायरी गाळणार नाही."

नणंदेने कटिंगचा खाकी कागद घेतला आणि लिहिलं, 'वर वर आहे.'

वहिनीने नीट वाचलं. "एक शब्द दोनदा झालाय. खोड."

नणंदेने जिना काढला. वरच्या पायरीवर मिशीवाला नवरदेव बसवला. वहिनी बराच वेळ बघत राहिली. "हा पडेल," एवढंच म्हणाली.

तरी नणंदेने चिकाटी सोडली नाही. हार, मान, घडी, चाल... रोज एक शब्द, दोन चित्रं. शब्द शोधता शोधता तिलाच गंमत वाटू लागली. इतकी वर्षं वहिनी ह्या खजिन्यात एकटीच वावरत होती तर!

चौथ्या महिन्यात एका सकाळी व्यायाम घेणाऱ्या बाई वहिनीचा डावा खांदा फिरवत होत्या. "कळ येते का?"

"येते ना," वहिनी म्हणाली. "कळ येते, पण कळत काही नाही."

बाई खांदा फिरवतच राहिल्या. नणंदेच्या हातातली कात्री मात्र थांबली.

"वहिनी, मुद्दाम बोललीस?"

"नाही गं. तोंडातून गेलं." वहिनी स्वतःच्याच शब्दांकडे कान देऊन बसली होती. "पण मग ऐकू आलं. दोन्ही ऐकू आलं."

ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा. नणंद इतकी हसली, की डोळे पुसायला तिला हातातलं अस्तरच सापडलं.

सगळं काही परत आलं नाही. त्याच संध्याकाळी नणंद म्हणाली, "चल, जरा पाय मोकळे करून येऊ," तर वहिनीने चपला काढून ठेवल्या. नणंदेने खाली बसून त्या पुन्हा तिच्या पायात सरकवल्या, तिचा डावा हात आपल्या काखेत घेतला आणि दोघी कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या.