हात बसतो

"मशीन चालवणार कोण, मावशी?" लातूरच्या कॉफी-मशीनच्या दुकानातल्या विक्रेत्यानं विचारलं. व्यंकटी असं त्याचं नाव खिशावरच लावलेलं होतं.

"हे काय, हेच," मी आमच्या ह्यांच्याकडं बोट दाखवलं. "नवीन हायत. काहीच येत न्हाई. लई सोपी दाखव."

ह्यांनी मान खाली घातली. अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर दयानंदचा चहा म्हटलं की ड्रायव्हर गाडी थांबवायचे. ज्या माणसानं सारं आयुष्य हातभर उंचीवरून चहा ओतला, त्याला मी परक्यासमोर अडाणी ठरवलं. दुसरं काय सांगायचं? खरं सांगितलं असतं तर तो ह्यांच्या हाताकडंच बघत बसला असता. उजवा हात ह्यांनी बसमधून उतरल्यापासून पँटच्या खिशात कोंबला होता.

हा हात वर्षभरापासून थरथरतो. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, गोळ्यांनी थोडं आवरेल, पण हे वाढतच जाणार. मध्यंतरी उकळता चहा एका कंडक्टरच्या मांडीवर सांडला. तो बिचारा काही बोलला नाही, तेच ह्यांना जास्त लागलं. त्या दिवसापासून टपरी बंद आणि हे भिंतीकडं तोंड करून पडून. जेवा म्हटलं की म्हणतात, "कामाचा न्हाई तर कशाला जेवू?" मला संताप येतो. संताप केला नाही तर रडू येतं, म्हणून मी संतापच करते.

कॉफीचं खूळ माझंच. समोर अभ्यासिका झाल्यापासून पोरं टपरीवर कॉफी मागायची. कुणीतरी सांगितलं, आता सगळं मशीनच करतं, आपण नुसतं बटण दाबायचं. तेवढं तर ह्यांना जमेल! एवढ्या एका आशेवर मी ह्यांना अंथरुणातून उठवून लातूरला आणलं होतं. इथंही जमलं नाही तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या मशीनला दांड्याच्या गाळणीत कॉफीची पूड दाबून भरायची होती. "ह्याला सोपं म्हणतेत व्हय रे?" मी व्यंकटीला झापलं. दुसऱ्याला काचेवर नुसतं बोट टेकवायचं होतं. ह्यांनी हात खिशातून काढला. बोट एकदा टेकायच्या जागी पाचदा टेकलं. मशीन सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. हात परत खिशात गेला.

"चल घरी," हे म्हणाले.

"गप उभे ऱ्हावा!" मी ओरडले. सगळं दुकान वळून बघायला लागलं. बघेना का.

तिसऱ्याला चांगलं जाडजूड बटण होतं. ह्यांनी अख्खा तळवा त्यावर ठेवून दाबला. मशीननं आपोआप बिया दळल्या, दूध तापवलं, कप भरला. जमलं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग ह्यांनी कप उचलला.

मशीन कप भरेल, पण तो गिऱ्हाइकाच्या हातात कोण देणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कॉफी मनगटावर, बाहीवर, काउंटरवर सांडत गेली. पार रिकामा झाला तरी ह्यांनी कप सोडला नाही.

व्यंकटी फडकं घेऊन धावला. "असू द्या, काका. नवीन माणसाचा हात थरथरतोच. आठ दिवसांत हात बसतो बघा."

ह्यांनी मान वर केली.

"बसतो?"

"तर काय! सगळ्यांचाच बसतो."

हे माझ्याकडं वळले. बाहीतून कॉफी गळत होती आणि तोंड लहान लेकरासारखं उजळलं होतं. "ऐकलंस का, उज्वला? आठ दिवसांत बसतो म्हणतोय हा."

मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. डॉक्टरांचं बोलणं ह्यांनीही माझ्याइतकंच ऐकलं होतं. त्याची आठवण करून द्यायला मी तोंडही उघडलं.

"हाव," मी म्हणाले, "बसंल की."

आणि मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेऊन पदरानं पुसायला लागले. मी घट्ट धरला होता तरी तो थांबेना. त्याच्यासोबत माझेही हात थरथरत होते.