नळीतली माया

मिस्त्रींनी भंगारातल्या एका जुन्या गाडीच्या सांगाड्यावर ट्रकचं इंजिन बसवलं. गल्लीतले तरुण तिला इंग्रजी सिनेमातल्या सुसाट गाड्यांसारखं हॉट रॉड म्हणत, मिस्त्रींची थोरली बहीण खटारा म्हणे. ही गाडी एवढी वेगात जाते, की हॉर्न वाजवला तर आवाज मागाहून धापा टाकत येतो, असं मिस्त्री छातीठोक सांगत. अडचण एकच होती. गाडी अजून गॅरेजबाहेर पडलीच नव्हती.

ती पडणार होती रविवारी, ताईला घेऊन. बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या स्कूटरचा ब्रेक फेल झाला आणि मागे बसलेली ताई उडून रंगाऱ्याच्या पिंपात पडली. तिचे कान अजून निळे आहेत, हे मिस्त्री शपथेवर सांगतात. तेव्हापासून ती भावाच्या हातच्या कुठल्याच वाहनात बसली नव्हती. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर म्हणाली होती, "ब्रेक नीट असले तर बसेन. एकदाच."

म्हणून शनिवारी मिस्त्री जॅकवर चढवलेल्या गाडीखाली आडवे होते. सांगाड्यापासून पुढच्या चाकापर्यंत ब्रेकची रबरी नळी न्यायची होती. आखूड घेतली तर चाक वळताना कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणली जाई. मग त्यांनी लांब घेतली, आणि ती स्टिअरिंगच्या दांड्याशी लगट करू लागली. शेवटी कशीबशी बोटभर दूर राहिली.

इतक्यात समोरच्या शिवणाच्या दुकानातून ताई आली, गळ्यात टेप तशीच.

"झालं?"

"झालं की! चाक पार फिरव, कुठे लागत नाही."

ताईने वाकून पाहिलं. "माया किती आहे रे?"

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आले. "ताई, ते काय विचारणं झालं? आई गेल्यावर तू नसतीस तर माझं..."

"अरे गाढवा, नळीत! शिवणीत सोडतात ती माया!" ताईने पदराने नाक मात्र पुसलं. "आणि माप गाडी टांगून घेतलंस? मी गिऱ्हाइकाला खुंटीला टांगते का? उतरव खाली."

गाडी चाकांवर टेकली. ताईने कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि सगळी नळी पांढरी करून टाकली. मग आत न बसता, बाहेरूनच हात घालून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मिस्त्री गाडीचं नाक दाबून तिला खालीवर हलवत राहिले.

बॅटरीच्या उजेडात स्टिअरिंगच्या काळ्या दांड्यावर पांढरी रेघ दिसली.

मिस्त्रींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. चार दिवस घासली असती, की नळी फाटली असती. "उद्या राहू दे ताई. नको बसूस तू."

"तुला विचारलं कुणी? उसव."

सांगाड्यावरची, नळी धरून ठेवणारी पकड चार बोटं मागे सरकली. आता नळी दांड्याकडे पाठ करून निघाली, ऐसपैस वळण घेऊन चाकाकडे गेली. "पीळ पडू देऊ नकोस, पिळलेली बाही गिऱ्हाईक तोंडावर फेकतं," ताई वरून बजावत होती. दुसऱ्या चाकालाही तेच केलं. पुन्हा खडू, पुन्हा फिरवाफिरव. गाडी टेकवून, मग टांगून. दांडे दोन्ही काळे कुळकुळीत राहिले. मग नळ्यांतली हवा काढून पेडल दगडासारखं घट्ट केलं.

रविवारी मिस्त्रींनी ताईसाठी शेजारचं दार उघडलं. ती वळसा घालून त्यांच्याच दाराशी आली.

"सरक."

"तुला गाडी चालवता येते?"

"नाही. म्हणून तर हळू चालवीन. थांबवता येते ना, बास."

गाडी चालत्या माणसाच्या वेगाने गावभर फिरली. ताईने एकशे चौदा वेळा ब्रेक दाबला, आणि एकशे चौदाही वेळा तो लागला. मिस्त्री मात्र आजही सांगतात की आवाज मागाहून येत होता. तेवढं अगदी खरं आहे. मागे अडकलेल्या सायकलवाल्यांच्या घंटा होत्या त्या.