डाव्या चाकावरची पिवळी रेघ

मालकाने एका पत्राला अकरा वर्षे उत्तर दिले नाही. ते पत्र माझ्याच पुढच्या कप्प्यात पडून होते. मित्रांनो, मी त्या पत्राला पोटात घेऊन म्हातारी झालेली एक जपानी सेडान आहे. मला गोष्ट नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी धावायला शिकले, बोलायला नाही. पण एकाच माणसावर अकरा वर्षे राग धरून बसले की गोष्ट आपोआप पाठ होते.

मी घरी आले तेव्हा दिसायला साधी होते. चार दारे, मोठी डिकी, आणि आत जोर वाढवणारा टर्बो बसवलेले तापट इंजिन. मालक ग्रंथपाल. माणूस असा भिडस्त, की कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर तोच 'माफ करा' म्हणायचा. गाड्यांची पुस्तके वाचून वाचून त्याने मला बदलायला घेतले. आधी कडक स्प्रिंगा आल्या आणि मी वळणावर झुकणे सोडले. मग टर्बोची हवा थंड करणारी मोठी जाळी आली, रुंद टायर आले. प्रत्येक बदलाआधी तो आठवडाभर वहीत आकडेमोड करी आणि शेवटी लिही, 'बहुधा बरोबर.' मागची सीट मात्र त्याने कुणाला काढू दिली नाही. रविवारी शर्यतीचा ट्रॅक, सोमवारी मुलीची शाळा. तिच्या दप्तराशेजारी त्याचे हेल्मेट असायचे.

"गाडीवर रोज कापड घालता," त्याची बायको म्हणायची, "माझ्यावर कधी शाल घातलीत?"

शेवटचा बदल पुढच्या ब्रेकचा होता. चाकाच्या मागे लोखंडी चकती असते, आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळून चाक थांबवणारा कॅलिपर असतो. हा कॅलिपर दोन बोल्टांच्या भरवशावर उभा असतो. ते काम उस्ताद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेकॅनिककडे गेले. ट्रॅकवर उस्तादाचा दबदबा होता तो त्याच्या रेघेमुळे. बोल्ट पान्याने पुरता आवळला की तो बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा. पुढे बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटते आणि लगेच दिसते. "माझी रेघ बघा आणि डोळे मिटून ब्रेक दाबा," असे तो सांगे.

शर्यतीच्या सकाळी त्याने माझे चारही बोल्ट नुसते बोटांनी फिरवून बसवले होते. तेवढ्यात ट्रॅकच्या वार्षिक अंकासाठी फोटो काढणारा आला.

"उस्ताद, रेघ ओढताना हवे आहात."

"आधी फोटो होऊन जाऊ दे, मग आवळतो."

उस्तादाने केस विंचरले, चारही बोल्टांवर रेघा ओढल्या आणि मान वळवून तो झकास हसला. मग कुणीतरी त्याला गप्पांना ओढून नेले. परत आल्यावर त्याने बोल्टांकडे पाहिले. रेघा होत्या! स्वतःच्या रेघेवर विश्वास ठेवून त्याने चाके चढवली.

सहाव्या फेरीत वळणाआधी मालकाने अगदी वेळेवर ब्रेक दाबला. उजव्या चाकाचे दोन्ही बोल्ट गळून पडले, कॅलिपर चाकात अडकला, चाक जागीच थिजले आणि मी गरगरत टायरांच्या भिंतीत घुसले. भिंतीमागे चालकांना झेंडा दाखवायला उभ्या असलेल्या झेंडेवाल्याच्या खांद्याचे हाड मोडले. उस्ताद सर्वांत आधी धावत आला आणि खाली वाकला. ते दोन बोल्ट त्याने खिशात टाकले. हे फक्त मी पाहिले. मग ताठ उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "साहेब, पुस्तक वाचून ब्रेक मारता येत नाही हो!"

लोक हसले. मालक मान खाली घालून म्हणाला, "माझंच चुकलं असेल."

मित्रांनो, विसरणे मी माफ केले असते. खिसा मी माफ करणार नाही.

आठ दिवसांनी ट्रॅकच्या समितीचे पत्र आले. अपघात कसा झाला, पंधरा दिवसांत कळवावे. मालकाने कितीतरी मसुदे लिहिले आणि फाडले. त्याचे मौन म्हणजे कबुली समजून समितीने त्याचे नाव कायमचे काढून टाकले. त्या वळणाला लोक 'वाचनालय' म्हणू लागले. तिथे कुणी घसरला की पोरे ओरडत, "शांतता राखा!" मालक दरवर्षी झेंडेवाल्याच्या घरी जाई, दारातच माफी मागे आणि पाणीही न पिता परते.

उस्तादाने मात्र दोनदा निरोप पाठवला, "गाडी माझ्याकडे आणा, फुकटात नीट करून देतो." त्याला माझे डावे चाक हवे होते. तिथले दोन बोल्ट कसेबसे टिकले होते, रेघांसकट. मालकाला तोंड दाखवायची इतकी लाज वाटत होती की त्याने मला मेहुण्याच्या ट्रकवर घालून घरच्या शेडमध्ये आणले आणि दार लावून घेतले. पुढे उस्ताद त्याच समितीचा प्रमुख झाला. माझ्या सीटचे रबर सुटले, एक दिवा पिवळा पडला, टायर बसले. कापडाखाली मी एकच काम केले. ते दोन बोल्ट हलू दिले नाहीत.

गेल्या रविवारी मुलगी आली. ती आता बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे.

"बाबा, एक तर हिला नीट करू, नाहीतर भंगारात देऊ. अशी सडवत ठेवायची नाही."

"तू म्हणशील तसं," मालक म्हणाला. भंगाराच्या नावाने मी हादरले. पण तिने जॅक लावला तो नेमका डावीकडे. चाक उतरले. तिने वरच्या बोल्टाला पाना लावला, जोर करायला पाय रोवले, आणि तोल जाऊन बदकन खाली बसली. रेघ तडकली होती. बोल्ट तिने दोन बोटांनी फिरवून बाहेर काढला.

"बाबा, हा आवळलेलाच नव्हता."

"रेघ आहे ना त्यावर?"

"आत्ता तुटली ती. माझ्या हातानं. तोवर अखंड होती. कुणी आवळलाच नाही, नुसता रंगवला."

मालकाने बोल्ट घेऊन उजेडात धरला. "पण कदाचित माझंच..."

"बाबा, पुढचा शब्द बोललात तर हाच पाना डोक्यात घालीन."

तिने खालच्या बोल्टाकडे हात नेला. आणि मित्रांनो, ज्या माणसाने उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता, तो ओरडला, "हात लावू नकोस त्याला!"

बायको धावत बाहेर आली. "कोण ओरडलं?"

"तुझा नवरा," मुलगी म्हणाली.

एरवी अशा गोष्टीच्या शेवटी जुनी गाडी म्हणते, मला पुसा, मला जपा. माझे मागणे वेगळे आहे. ज्याने तुमच्या मुकेपणाचा फायदा घेतला, त्याच्यासाठी एक बोल्ट राखून ठेवा.

मालकाने माझ्या बॉनेटवर कागद ठेवून उत्तर लिहिले. 'विलंबाबद्दल क्षमस्व' अशी सुरुवात केली आणि ती स्वतःच खोडली. मग लिहिले: 'ब्रेक मी वेळेवर दाबला होता. डाव्या कॅलिपरचा खालचा बोल्ट रेघेसकट जागेवर आहे. येत्या शर्यतीच्या दिवशी, सकाळी दहा वाजता, गाडी ट्रकवर घालून आणतो. सर्व चालकांसमोर उस्तादांनी आपल्या हाताने त्याला पाना लावावा. ते न आल्यास माझी मुलगी लावील.'

"पण पत्र फोडणार उस्तादच," बायको म्हणाली. "दाबून टाकलं म्हणजे?"

"म्हणून दोन प्रती. दुसरी झेंडेवाल्याला."

मुलीने शेडचे दार सताड उघडले. रस्त्यापलीकडची टपालपेटी मला समोर दिसत होती. मालक चप्पल न घालताच गेला. झेंडेवाल्याचे पाकीट त्याने सहज सोडले. उस्तादाचे पाकीट फटीत अर्धे घालून क्षणभर धरून ठेवले, मग तळहाताने जोरात आत ढकलले.